धाकट्याचा गुडघा

बेडशात मुलाण्याचं घर आमचं एकच. लेण्यांकडे जाणारा रस्ता आमच्या परड्याच्या कडेनं जातो, त्यामुळे पुण्या-मुंबईची माणसं पाणी मागायला आमच्याच दारात थांबतात. चारेकशे पायऱ्या चढून वर गेलं की दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले घोडे-हत्ती खांबांच्या माथ्यावर बसलेले दिसतात. लोक ते पाहायला येतात. आम्हा भावांना लहानपणी त्या उंचीचा वेगळाच उपयोग होता. वरून कुणाचं खाचर कापून मोकळं झालं ते कळायचं. भात निघालं की दुसऱ्या दिवशी तिथं स्टंप रोवले जायचे.

खेळायचा धाकटा. मी चष्मेवाला, बांधावर बसून वहीत धावा लिहायचो. चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, मग दादीच्या हट्टापायी मामांकडे उर्दू शाळेत गेलो, पुढे बी.एड. करून उर्दू माध्यमाचाच मास्तर झालो. गणित शिकवतो. पण गावच्या सामन्यांची वही सुटली नाही. सुट्टीच्या दिवशी घरी आलो की पोरं बॅट आणायच्या आधी मला बोलवायला येतात.

१५ जानेवारी २०१७ चा रविवार आम्हा दोघांच्या चांगला लक्षात आहे. गहुंजे आमच्याच मावळ तालुक्यात. मोटारसायकलवरून गेलो. इंग्लंडनं ३५० केल्या आणि भारताचे चार गडी ६३ धावांत गेले. शेजारची माणसं गाडी लवकर काढण्याच्या गोष्टी करू लागली. तेव्हा पुण्याचाच केदार जाधव आत आला. समोर कोहली. दोघांनी २०० धावा जोडल्या. पण मधेच केदारच्या पायात गोळे आले. तो वाकायचा, पाय झटकायचा, धावताना लंगडायचा. मी म्हटलं, "हा आता जातो." धाकटा म्हणाला, "भाई, उलटं आहे. ह्याला आता पळता येत नाही, म्हणजे हा मारणार." केदारनं ७६ चेंडूंत १२० केल्या. सामना भारतानं तीन गडी राखून जिंकला, सामनावीर केदार. कोहलीनं त्याच्याहून दोन धावा जास्त, १२२, केल्या होत्या. पण परतीच्या वाटेवर देहूरोडपर्यंत धाकटा फक्त केदारविषयी बोलत होता.

त्यानंतर त्याला फॅन्टसी क्रिकेटचा नाद लागला आणि प्रत्येक संघात तो केदारला घ्यायचा. ज्यांच्या घरात धाकटा भाऊ नाही त्यांच्यासाठी हा खेळ सांगतो. सामन्याआधी दोन्ही संघांतून आपले अकरा निवडायचे. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि आपल्या हाती शंभर क्रेडिट. मैदानावर तो जे करील त्याचे गुण आपल्याला. धावा, बळी, झेल, सगळ्याचे. आपण नेमलेल्या कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी हा खेळ घराघरात नेला. २०२० च्या आयपीएलला तर तिचंच नाव लागलं. अब्बांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ये जुआ है के नहीं?" धाकट्यानं सांगितलं की २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा कौशल्याचा खेळ ठरवला आहे. अब्बा म्हणाले, "कोर्टाला नाही, तुला विचारतोय." त्यावर उत्तर नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि आमच्या घरातला वादही मिटला. धाकट्याचे फार गेले नाहीत. जे गेले ते त्याच्या खिशातले, आणि त्याच्या खिशात मुळात फार नसतं. तळेगावच्या कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे.

पैसा बाजूला ठेवला तर त्या खेळात एक प्रश्न मला गणिताचा मास्तर म्हणून फार आवडायचा. वारंवार जायबंदी होणाऱ्या खेळाडूची किंमत करायची कशी? गुणवान आहे हे ठाऊक, उद्या उतरेल की नाही हे ठाऊक नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानचं घ्या. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी दोन बळी घेतले, मांडीचा स्नायू धरला आणि तो मैदानाबाहेर गेला. तो दौरा त्याच्यापुरता तिथंच संपला. मग झहीर घ्यावा की नाही?

आम्ही भावाभावांनी ओट्यावर बसून यावर कित्येक रात्री काथ्याकूट केला आहे. पहिली गोष्ट, तुम्ही एका सामन्यासाठी निवडताय की अख्ख्या मोसमासाठी? एका सामन्याचा प्रश्न सोपा. नाणेफेकीनंतर अकरा नावं जाहीर होतात. नाव असलं की घ्या. मोसमाचं तसं नाही. २०१८ मध्ये चेन्नईनं केदारला ७ कोटी ८० लाखांना घेतलं. ७ एप्रिलला वानखेडेवर पहिलाच सामना. धावता धावता मांडीचा स्नायू दुखावला, तो आत गेला. नऊ गडी पडल्यावर परत आला. शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या. तीन चेंडू कोरे गेले, मग एक षटकार, एक चौकार. नाबाद २४, सामना खिशात. आणि त्याचा मोसमही तिथंच संपला. चेन्नईला त्याच्या जागी डेव्हिड विली आणावा लागला. त्या वर्षी चेन्नई विजेती ठरली. केदार खेळला एकच सामना, पण तो नसता तर तो एक सामना हातचा गेला असता.

दुसरी गोष्ट, दुखापतीनं काय नेलं ते बघायचं. मांडी दुखावलेला माणूस उभा राहून मारू शकतो, पण दुहेरी धाव काढू शकत नाही, सीमारेषेवर झेपावू शकत नाही. गोलंदाजीही करणारा असेल तर अर्धी किंमत तिथंच गेली. केदारनं एकदिवसीय सामन्यांत हात कमरेपर्यंत खाली आणून टाकलेल्या त्या विचित्र चेंडूंवर २७ बळी घेतले आहेत. त्याला निव्वळ फलंदाज म्हणून मोजणं चूक. तिसरी गोष्ट धाकट्याची. असा खेळाडू लोक भीतीनं सोडतात. तो चालला तर तुम्ही एकटे पुढे जाता. म्हणून घ्यायचा, पण कर्णधार करायचा नाही, कारण तो बसला तर दुप्पट बसतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच गुणपत्रकात येत नाही. २८ सप्टेंबर २०१८, दुबई, आशिया चषकाचा अंतिम सामना. केदारनं बांगलादेशाचे दोन बळी घेतले होते. फलंदाजीत १९ वर असताना पुन्हा मांडी गेली, तो बाहेर पडला. पुन्हा गडी पडले, पुन्हा तो लंगडत आत आला. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. चेंडू पायाला लागला आणि तो पळाला. ती लेगबाय. विजयाची धाव होती, पण फलंदाजाच्या खात्यात तिचा गुण शून्य.

हे सगळं मी एकदा आठवीच्या वर्गात नेलं. औसत शिकवायचा होता. एका खेळाडूचे दहा सामने फळ्यावर मांडले. सहा खेळला, चार दुखापतीनं हुकले. एकूण धावा २४०. औसत काढा म्हटलं. अर्ध्या वर्गानं ४० काढला, अर्ध्या वर्गानं २४. भांडण सुरू झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, जो मैदान में आया ही नहीं, उसका सिफर गिनना के नहीं गिनना?"

मराठीत आपण ज्याला छेद म्हणतो त्याला उर्दूत नसबनुमा म्हणतात. मी तिला म्हटलं, "बेटा, दोन्ही हिसाब सही आहेत. ४० सांगतो, आला तर काय करतो. २४ सांगतो, भरोसा किती ठेवायचा. पर लिखना पड़ेगा के नसबनुमा में क्या लिया. न लिहिता नुसतं उत्तर दिलं तर मी मार्क कापीन." वर्ग हसला. मीही खूश होतो. धडा चांगला झाला होता.

आता आमच्या गावचं सांगतो. इकडे हल्ली गावोगाव टेनिस बॉलची प्रीमियर लीग असते आणि तिच्यात खेळाडूंचा लिलाव होतो. पैशांचा नाही, गुणांचा. संघमालकांना ठरावीक गुण मिळतात आणि त्यात संघ बसवायचा. म्हणजे ते मोबाइलवरचंच गणित, फक्त खेळाडू समोर चटईवर बसलेले असतात. मालक म्हणजे जमिनीला भाव आल्यावर चार पैसे हाती आलेले, पण मनानं मोठे लोक. लिलावाचं रजिस्टर माझ्याकडे.

धाकट्याचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी गेला. झेल घेताना पाय खाचराच्या चिरेत अडकून मुरगळला. लिगामेंट म्हणाले डॉक्टर. शस्त्रक्रियेला पैसे आणि तीन-चार महिने लागणार, आणि कंत्राटी कामगाराला घरी बसल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. त्यानं पट्टा बांधला आणि खेळत राहिला. त्यात एका मोसमाच्या शेवटी गुडघ्याला सूज आली. तो सामने हुकला, कामाचे दिवसही गेले. अम्मीनं माझा हात धरला. "तू मोठा आहेस. त्याचा हा खेळ बंद कर."

पुढच्या लिलावाच्या संध्याकाळी एक मालक माझ्या टेबलाशी वाकला. "सर, धाकल्याला घेऊ का? तुमच्याकडं समदं लिहिलेलं असतंय. खरं सांगा."

माझ्या पुढ्यात तीन वर्षांची वही होती. धाकटा सव्वीस सामन्यांपैकी एकवीस खेळला होता. पाच हुकले, त्यातले चार शेवटच्या सहांत. त्याच वहीत गावातला सगळ्यात धडधाकट समजला जाणारा खेळाडू होता. लग्नसराई, रात्रपाळी आणि सासरवाडी यांच्यामुळे तो एकोणीसच खेळला होता. पण कंपनीच्या ड्युटीमुळे हुकलेला सामना कुणाच्या ध्यानात राहत नाही. मैदानावर पाय धरून पडलेला माणूस मात्र राहतो. हे मला त्या क्षणी आकड्यांसकट ठाऊक होतं.

मी म्हणालो, "गेल्या वर्षी शेवटच्या सहापैकी दोनच खेळला. बघा बुवा."

आकडा खरा होता. मालकानं मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन शेजारच्या मालकाच्या कानाला लागला. धाकट्याचं नाव पुकारलं तेव्हा मूळ किमतीलाही हात वर गेला नाही. पुकारणाऱ्यानं दोनदा विचारलं, मग "अनसोल्ड" म्हणून पुढचं नाव घेतलं. मी रजिस्टरात रेघ मारली. धाकटा तिसऱ्या रांगेत बसला होता. तो उठून गेला नाही. शेवटचं नाव होईपर्यंत बसला, प्रत्येकासाठी टाळ्या वाजवल्या, मग सतरंज्या उचलायला मदत केली.

अम्मी त्या रात्री खूश होती. मला जेवण गेलं नाही. तिच्या काळजीपोटी बोललो असं मनाशी म्हणून पाहिलं. ते खोटं नव्हतं. पण मालकानं मला त्याच्या आईची काळजी विचारली नव्हती, खेळाडू विचारला होता. त्याला एकवीस-सव्वीस सांगून, "पण घरचे म्हणतात खेळू नये" असं वर सांगता आलं असतं. मग त्यानं ठरवलं असतं, किंवा धाकट्यानं. वर्गात मी ज्या गोष्टीचे मार्क कापतो तीच मी केली होती.

लीग सुरू झाली. धाकटा अंपायर म्हणून उभा राहिला, पट्टा न बांधता. दुसऱ्या रविवारी एका संघाचे दोघे कामावर अडकले आणि मालक त्याला हात धरून आत घेऊन गेला. नऊ चेंडू खेळला. पळायची वेळ येऊ नये म्हणून पाच चेंडू दोरीपार मारले. मी लिहीत होतो. त्या रात्री सुजलेल्या गुडघ्यावर अम्मीनं गरम मिठाची पोटली शेकली आणि तोंडानं दोघांनाही शेकलं.

मी त्याला सगळं सांगितलं ते त्यानंतर आठवड्यानं, ओट्यावर. वही आणून पानं उघडून दाखवली. सव्वीस रकाने, एकवीस खुणा. त्यानं मोबाइलच्या उजेडात बोट फिरवत एकेक रकाना पाहिला. एका रिकाम्या जागी थांबला.

"हा तर गुडघ्यामुळे नाही चुकला," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या मुलीचा अकीका होता."

मी पेन काढून त्या जागी तसं लिहिलं. मग त्यानं वही मिटून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "यंदाच्या लिलावाला रजिस्टर तुझ्याकडेच आहे ना?"