जुनं आधी

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सातारा

रथसप्तमी. हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. ही सदर बझारातून आली ती पिशवीभर वाण घेऊन. टेबलावर मांडलं: चहाच्या गाळण्या दोन, प्लॅस्टिकच्या डब्या चार, मोबाइल टेकवायचा एक स्टँड आणि हिंगाची एक डबी. हिंग ठेवायला कपाट उघडलं तर आत आधीच तीन डब्या. त्यातली एक मीच परवा आणलेली. यादीत होती म्हणून आणली, घरात आहे का ते कुणी बघितलं नाही.

एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथं साध्या वॉशरलाही बिन कार्ड असायचं. किती आले, किती गेले, किती उरले, खाली सही. आणि या घरात चार हिंग!

रात्री हिला म्हणालो, पाडव्यापर्यंत काही विकत आणायचं नाही. आहे ते संपवायचं.

"आधी कपाट आवरा, मग भाषण करा."

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस मोजदाद चालली आहे. अंघोळीचे साबण तेवीस. सणाच्या ऑफरमध्ये तीनावर एक फुकट मिळतो म्हणून घेतलेले. टूथपेस्ट सात. आगपेट्यांचा आख्खा पुडा. गॅसला तर लायटर आहे. पोहे तीन ठिकाणी, तिन्ही फोडलेले. साबुदाणा दोन किलो, वरी एक. तूरडाळ साडेचार किलो. वाघ्या घेवडा तीन किलो, त्यावर हिच्या हाताची चिठ्ठी: '२०२२'. शाळू पिंपात अंदाजे तीस किलो. शेंगदाणे. काळा पडलेला गूळ. माळ्यावर कुरडयांचा डबा, वरून दादरा बांधलेला, कुणाच्या लग्नाच्या वेळचा ते दोघांनाही आठवेना.

ब्लाऊजपीस मोजले नाहीत. तो माल नव्हेच, ते चलन आहे. आपल्याकडे आलेला कुणाच्या तरी ओटीत जातो आणि फिरून वर्षभरानं परत येतो. शिवलेला एकही पाहिला नाही.

तळाच्या कप्प्यात मिठाचे नऊ पुडे निघाले. २०२० च्या मार्चमधले. तेव्हा इस्लामपूरच्या करोना रुग्णांच्या बातम्या यायला लागल्या आणि मी पोवई नाक्यावरून स्कूटरच्या दोन फेऱ्या केल्या होत्या. मीठच का, हे आज सांगता येणार नाही. रांगेतल्या पुढच्या माणसानं घेतलं म्हणून मीही घेतलं असावं. पाच वर्षांत नऊ उरले आहेत, म्हणजे आणले किती असतील?

९ फेब्रुवारी, रविवार

तहाची कलमं ठरली. दूध, भाजी, फळं आणि माझी रक्तदाबाची गोळी वगळून बाकी सगळं घरातलंच. तेल संपलं तर आणायचं. पाहुणा आला तर नियम शिथिल. शेवटचं कलम हिनं घातलं: "रोज काय करायचं ते मी ठरवणार. तुम्ही फक्त मोजा."

वहीचे तीन रकाने आखले: होतं, वापरलं, संपलं. तिसरा रकाना बघून ही म्हणाली, "'संपलं' काय लिहिताय? 'वाढलं' लिहा." आईचंच वळण हे. धान्य, मीठ, कुंकू, काही संपलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. खोडून 'वाढलं' लिहिलं. हिशेबाच्या वहीत हे फार विचित्र दिसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घेवड्यानं हात टेकायला लावले. रात्रभर भिजवला, सकाळी कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या. दाणा बाहेरून फुटला, आत खडा. हिचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, घेवडा दरवर्षी तिकडून भावाकडून येतो. भौगोलिक मानांकन मिळालेला वाण, ताजा असला की नुसत्या आमटीवर जेवण होतं. पण कडधान्य उबेत नि दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की दाण्याच्या आतली बांधणीच घट्ट होते; पाणी शिरलं तरी ते मऊ पडत नाही. ही म्हणाली, "दरवर्षी नवा येतो, तो वर ओततो आपण. जुना तळाशीच."

म्हणजे नेमकं स्टोअरमध्ये आम्ही ज्याच्यावरून नव्या पोरांना झापायचो तेच. आधी आलेला माल आधी बाहेर, याला तिथं फिफो म्हणायचे. इथं तीन वर्षं तरी उलटं चाललं आहे.

संध्याकाळी चिमूटभर खायचा सोडा नि मीठ घालून पुन्हा भिजत घातला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिजला. चव बेताची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाकरी तुटते आहे. दळून ठेवलेल्या पिठाची विरी गेली. ही आधणाच्या पाण्यात पीठ भिजवते, मग कशीबशी थापली जाते. यापुढं दळण एका वेळी दोन किलोच.

तारखांवरून वाद झाला. मुलीचं फोनवरून म्हणणं, पाकिटावरची तारीख गेली की फेकून द्या. मी सगळी पाकिटं भिंग लावून वाचली. 'बेस्ट बिफोर' म्हणजे चव नि रंग उत्तम राहण्याची मुदत. 'यूज बाय' असेल आणि ती उलटली असेल तर मात्र खायचं नाही. आणि जुनं सगळं वाईट, असंही नाही. जुना तांदूळ मोकळा शिजतो. नवा चिकट होतो म्हणून आईच्या घरी नव्या तांदळाला वर्षभर हात लावत नसत.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सांगली

सकाळच्या एसटीनं कऱ्हाडमार्गे आलो. आई शहाऐंशीची. दादा-वहिनी गावभागातल्या त्याच घरात. जिन्याच्या भिंतीवर ऑगस्ट २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे. दादानं दोनदा रंग दिला, पण रेघेवर ब्रश फिरवू दिला नाही म्हणे आईनं.

आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. त्या वर्षी ती ५७ फुटांच्या वर गेली. कोयना धरण आमच्या सातारा जिल्ह्यात, १०५ टीएमसीचं. वरचा पाऊस, तिथून सोडलेलं पाणी, वारणेची भर, सगळं एकदम इथं उतरलं. मी साताऱ्यात कोरड्या जमिनीवर बसून टीव्हीवर हे घर शोधत होतो. आईला होडीतून काढलं. खालच्या खोलीतल्या वर्षाच्या बेगमीची, दोन पोती शाळू, एक पोतं गहू, डाळी, चटणीची बरणी, यांची पाणी ओसरल्यावर दारात आंबलेली रास झाली. त्या वासाची सर दुसऱ्या कुठल्या वासाला नाही.

तेव्हापासून आईची बेगमी वरच्या मजल्यावर असते आणि दुप्पट असते. दोन खोल्यांपैकी एक धान्याचीच. मी वही काढून माझा प्रयोग सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे पाडव्याला डबे मोकळे?"

"हो."

"आणि मोकळा डबा बघून तुला बरं वाटणार?"

आईचं माहेर आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती मला घेऊन तिकडं गेली होती, मी तेव्हा अकरा वर्षांचा. आजोबांची कणगी वाजवली की पोकळ आवाज यायचा, तो मला आठवतो. रेशनचा तांबडा मिलो खाल्ला. भाकरी घशाखाली उतरायची नाही. खडी फोडायला बायका जायच्या, तिथं सुकडी मिळायची. आई हे कधी सांगत बसत नाही. डब्याच्या तळाशी मूठभर ठेवते नि वर नवं ओतते, एवढंच. माझ्या स्टोअरच्या भाषेत ही चूक आहे. तिला ते तसं सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाबरोबर हरिपूरला. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग मुद्दाम पेवांची जागा बघायला गेलो. सांगलीच्या हळदीचा व्यापार एके काळी या पेवांवर उभा होता. जमिनीत खोल खोदलेला मोठा खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आतून लिंपण नि पाचटाचं अस्तर, वर मातीनं बंद. आत ताजी हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, भाव येईपर्यंत. एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं, तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते. पुष्कळ वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं. कंदील विझला तर माणूसही विझणार.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि बरीचशी कामातून गेली. हळद आता गोदामांत नि शीतगृहांत असते. सौदे सुरू आहेत, नव्या हळदीचे ढीग पडलेत. येताना मार्केट यार्डात पिवळ्या धुळीनं चष्मा भरला.

एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो. फुटण्याआधी ते किती दिवस बंद असायचं, ते आज कळलं. पेवात माल ठेवणाऱ्याला तो कुठं आहे, किती आहे आणि कशाची वाट बघतो आहे, हे पक्कं ठाऊक असायचं. माझ्या नऊ पुडे मिठाला यातलं एकही उत्तर नव्हतं.

वहिनीनं निघताना दोन किलो बेदाणे पिशवीत कोंबले. तासगावचे, नवे. नाही म्हणता आलं नाही. वहीत 'आवक' असा रकाना नव्हता, घालावा लागला.

२६ फेब्रुवारी, बुधवार, सातारा

महाशिवरात्र. साबुदाणा, वरी दोन्हींचा फडशा. शेजारच्या दोन घरांनाही खिचडी पोचवली. वरी 'वाढली'.

५ मार्च, बुधवार

पहिलं मोठं नुकसान. शेंगदाण्यांच्या डब्याला तळाशी ओल लागली होती, हिरवट बुरशी. मी म्हणालो, वरचे चांगले निवडून भाजू. ही ऐकेना आणि तिचंच बरोबर होतं. शेंगदाण्यावरच्या या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असू शकतं. भाजून, शिजवून ते जात नाही आणि यकृताला बाधतं. तीन किलो दाणे खड्डा करून पुरले. गाईलाही घातले नाहीत. तिलाही यकृत आहे.

वहीत लिहिलं: शेंगदाणे, ३ किलो, फेकले. 'वाढले' लिहायला हात होईना.

१३ मार्च, गुरुवार

होळी. काळ्या गुळाचं पुरण उत्तम होतं, रंग तेवढा गडद. कटाच्या आमटीला २०२३ चा मसाला दुप्पट घालावा लागला. वास उडालेला.

माळ्यावरच्या कुरडया तळल्या. फुलल्या! गव्हाचा चीक काढून, शिजवून, कडक उन्हात वाळवलेली वस्तू. पाण्याचा अंश नाही, त्यामुळे बिघडायला काही उरतच नाही. ज्या कुणाच्या लग्नाच्या असतील, त्यांना आता मुलंबाळं झाली असणार.

१७ मार्च, सोमवार

तेवीस साबणांतले वापरून झाले चार. या वेगानं अजून साधारण सहा महिने पुरतील. साबण या प्रयोगातून वगळावेत, असा ठराव मांडला. फेटाळला गेला.

२४ मार्च, सोमवार

मिरच्या बाजारात आल्या. ही दरवर्षी पाच किलोची चटणी करते. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. कांदा, लसूण, खोबरं, मसाला भाजून डंकावर कांडून आणायची. मागच्या वर्षीची दीड किलो अजून बरणीत. मी वही पुढं केली. ही म्हणाली, "चटणीला तुमचं कार्ड लावू नका."

तासाभरानं स्वतःच म्हणाली, "पोरगी बंगळूरला, पोरगा कॅनडात. पाच किलो करते कुणासाठी मी?"

मी काही बोललो नाही. अडीच किलोची करायची ठरली. डंकवाल्यानं विचारलं, "काकू, यंदा निम्मीच?" त्यालाही तिनं उत्तर दिलं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, साखरेची गाठी मात्र विकत आणली, तिला इलाज नव्हता.

हिशेब. चौपन्न दिवस. घेवडा, साबुदाणा, वरी, पोहे, गूळ, कुरडया संपल्या. तूरडाळ साडेचारावरून पाऊण किलोवर. शाळू सोळा किलो शिल्लक. मिठाचे पुडे आठ. हिंग साडेतीन डब्या. किराण्याची दोन महिन्यांची बिलं मिळून मागल्या एका महिन्याच्या निम्मीही नाहीत, पण त्यात बेदाणे नि शेजाऱ्यांकडून आलेल्या वाट्या धरलेल्या नाहीत, म्हणून आकडा लिहीत नाही.

दुकानात जाऊन एक किलो तूरडाळ आणली. दुकानदार म्हणाला, पाच घेतली तर भाव कमी लावतो. एकच घेतली.

दुपारी सांगलीहून दादाचा फोन. आईनं यंदाही दोन पोती शाळू सांगितला आहे. हमाल मिळत नाही, जिना अरुंद, तेव्हा तू ये म्हणाला. शनिवारी जातो आहे. पोती वरच्या मजल्यावर चढवायची आहेत.