बैलाने बांधलेले गाव

खरसुंडीची जत्रा असो की पंढरपूरचा कार्तिकी बाजार, जाणता व्यापारी बैलाचे शिंग-वशिंड न्याहाळून झाले की थेट त्याच्या जबड्याला हात घालतो. खालचा ओठ ओढायचा आणि समोरचे दात मोजायचे, की वय कळले. सगळे दुधाचे दात असतील तर खोंड आदात. अडीच वर्षांच्या आसपास मधली जोडी पडून पक्के दात आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की ‘जुळलेला’. त्यापुढे दातांच्या झिजेवरून अंदाज बांधायचा. मग दोन हातांवर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटे दाबून किंमत ठरते.

जबड्यावरून वय सांगण्याची हीच विद्या उत्खननात निघालेल्या हाडांवर चालवणे हे आम्हा पुराप्राणिशास्त्राच्या अभ्यासकांचे रोजचे काम. नर कोवळ्या वयातच कापले गेले असतील, तर कळप मांसासाठी पाळला होता. नर म्हातारे होईपर्यंत जगवले असतील, तर ते जुवाखाली होते असे समजायला जागा राहते. खच्ची केलेल्या बैलाच्या पायाच्या हाडांची टोके उशिरा जुळतात, त्यामुळे ती हाडे लांबट होतात. वर्षानुवर्षे ओढकाम केलेल्या जनावराच्या खुराजवळच्या हाडांना कडेने जास्तीचे हाड फुटते. बोटाएवढ्या त्या हाडावरून अंगठा फिरवला तरी कडेचा खडबडीतपणा जाणवतो. ज्या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांच्या शेतीची हकीकत अशा हाडांतून हाती लागते. दख्खनच्या गावाची घडण समजून घ्यायची, तर पाटलाच्या वाड्याइतकेच बैलाच्या गोठ्याकडेही पाहावे लागते, असे या अभ्यासातून ठामपणे वाटत आले आहे.

बैलाचे आपल्या मातीशी नाते माणसाळण्याच्याही आधीचे आहे. नर्मदेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या जुन्या गाळात रानबैलाचे जीवाश्म सापडतात. वशिंडाची गुरे या उपखंडातच माणसाळली. बलुचिस्तानातल्या मेहरगढला ज्याँ-फ्रान्स्वा जारिज यांच्या चमूने १९७४ पासून उत्खनन केले. तिथल्या हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनी केला. सर्वांत खालच्या थरांत रानटी जनावरांची हाडे भरपूर आहेत. वरच्या थरांत गुरांचे प्रमाण वाढत जाते आणि त्यांचा आकार मात्र लहान होत जातो. माणसाच्या हाताखाली आलेल्या जनावराची ही ओळखीची खूण आहे. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले, की वशिंडाची आणि बिनवशिंडाची गुरे लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या रानगुरांच्या शाखांतून आली आहेत. म्हणजे आपला बैल पश्चिम आशियातून आयता आलेला नव्हे.

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा घोडनदीकाठच्या इनामगावचा. शिरूर तालुक्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. तिथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत स्त्रीमूर्ती होती आणि झाकणावर दुसरी, शिर नसलेली. शेजारी मातीचा बैल. मूर्तीच्या पोटाला भोक होते आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर उभी राहते. तीन हजार वर्षांपूर्वी या कुटुंबाने देवीला वाहन दिले ते बैलाचे. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना चार ओतीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथा दोन बैलांचा रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, आत हाकणारा माणूस उभा. या मूर्तींच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण ती जोडी ज्याने ओतली त्याने जुवाखालचे बैल जवळून पाहिले होते यात शंका नाही.

इनामगावची अखेरही शिकवून जाते. ढवळीकरांच्या मांडणीनुसार इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडे व शिकारीकडे वळले. चारा-पाणी संपले की सगळ्यांत आधी मोठे जनावर हातचे जाते, हा अवर्षणाच्या पट्ट्यातला अनुभव आजही बदललेला नाही.

काळ्या मातीत बैल एकटा काही करू शकत नाही. खोल नांगरटीला जुना लाकडी नांगर लावायचा, तर चार ते सहा बैलजोड्या लागत. इतक्या जोड्या गावात फार थोड्यांकडे असायच्या. म्हणून इर्जिक आले. गावकरी आपापले बैल आणि औते घेऊन एकाच्या शेतात उतरत, दिवसभरात त्याचे काम उरकत आणि रात्री त्याच्याकडे जेवत. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. भाऊबंदकी कितीही असली तरी पेरणीच्या दिवसांत बोलणे बंद ठेवणे परवडत नसे.

मोटेचेही तसेच. बैल धावेवरून मागे सरत वर येत, विहिरीत मोट बुडे, आणि ते उतारावरून पुढे निघाले की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. एका मोटेमागे किती हात! कातडे कमावून मोट शिवणारा चांभार किंवा ढोर, नाडा-सोंदूर वळणारा मांग, चाक घडवणारा सुतार, कणा आणि कडी देणारा लोहार. बलुतेदारीचा मोठा भाग बैलाच्या अंगावरून आणि त्याच्या कामावरून उभा राहिला होता. वेसण, कासरा, जू, शिवळा, फाळ, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, यांतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी घरचे वर्षाचे धान्य होती.

ही व्यवस्था गोड मानून चालणार नाही. जिवंत बैलाचा मान शेतकऱ्याच्या दारी आणि मेलेल्या बैलाचे ओझे महाराच्या खांद्यावर, अशी तिची वाटणी होती. मेलेले जनावर ओढणे हे हक्काच्या नावाखाली लादलेले काम होते आणि त्याच कामावरून माणसाला अस्पृश्य ठरवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी या वाटणीच्या मुळावरच घाव घातला. गुराढोरांनी समाज घडवला असे म्हणताना समाजातली ही उतरंडही त्यांच्याच भोवती रचली गेली, हे सांगितले नाही तर इतिहास अर्धाच राहतो.

गावाच्या वेशीबाहेर बैलाने बाजार आणि राज्येही चालवली. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा बंजारा तांडा पाहिल्याचे नोंदवले आहे. घाटवाटांवर चाके चालत नव्हती तिथे पाठाळ बैलच धान्य आणि मीठ नेत. मोगलांपासून मराठ्यांपर्यंत दख्खनमधल्या फौजा बंजाऱ्यांच्या रसदीवर जगल्या. म्हैसूरच्या राजांनी तर तोफा आणि सामान ओढण्यासाठी अमृतमहाल ही खास पैदास सांभाळली. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती गेली. चार वर्षांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला. चांगले बैल आणि त्यांना नीट हाकणारी माणसे नसतील तर फौज वेगाने हलूच शकत नाही, हे त्याने पत्रांतून पुन्हा पुन्हा लिहिले आहे. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईच्या वर्णनांत तोफा आणि घोडदळ दिसते, त्यांना तिथवर आणणारा बैल दिसत नाही.

१८५३ मध्ये रेल्वे आली आणि दहा वर्षांत बोरघाटही चढली. बंजाऱ्यांची लदणी बसली. पोटाचा धंदा गेलेल्या, फिरत्या समाजांकडे सरकार संशयाने पाहू लागले आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या संशयाला कायद्याचे रूप दिले. तांड्यांच्या आजच्या अनेक दुखण्यांची सुरुवात बैलाच्या पाठीवरचे ओझे उतरले तिथे आहे.

शेतावर मात्र बैल आणखी शंभर वर्षे टिकला. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पण तो नांगरही बैलच ओढणार होते. बैलाचा खरा वैरी तेव्हा यंत्र नव्हते, बुळकांडी होती. या साथीने गोठेच्या गोठे रिकामे होत. तिच्यावर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. ती लवकरच कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला गेली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पुसून टाकलेला हा दुसरा रोग. एवढ्या मोठ्या विजयाचा आपल्याकडे गाजावाजा झाला नाही, कारण तोवर बैल दावणीतून निघून चालला होता.

विजेचा पंप आला आणि मोट गेली. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेले. त्याच काळात गाईचे मोल दुधाने ठरू लागले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने गोठवलेल्या रेताचे आणि संकरित गाईचे काम गावोगाव नेले, १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी पगार येऊ लागला आणि त्याचा हिशेब बहुतेक वेळा घरच्या बाईच्या कष्टावर उभा राहिला. पशुगणनेचे आकडे हा पालट स्पष्ट सांगतात. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली गोवंशातल्या माद्यांची संख्या सुमारे १२.३ कोटींवरून १४.५ कोटींवर गेली. नरांची मात्र ६.८ कोटींवरून ४.७ कोटींवर आली.

हे नर गेले कुठे, हा प्रश्न दारात उभा आहे. संकरित गाईचा गोऱ्हा वशिंडाअभावी जुवाला नीट लागत नाही आणि उन्हात दमतो. पूर्वी थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून शेतकरी नवा खोंड घ्यायचा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हापासून ती विक्री आटली आणि म्हाताऱ्या जनावराच्या चाऱ्याचा भार एकट्या मालकावर आला. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळतात, त्यांतून दहापैकी नऊ वासरे कालवडी होतात. गोऱ्ह्याचा प्रश्न तो जन्मालाच न घालून सोडवण्याची ही वाट आहे. शेतकऱ्याने ती धरली तर त्याला दोष देता येत नाही. पण गोवंश जपण्याची भाषा करणाऱ्या समाजाने नराच्या वैरणीची जबाबदारी उचललेली नाही, हे उघडपणे बोलायला हवे.

अजूनही बैल पोटासाठी राबतो तो ऊसपट्ट्यात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपले बैल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे उतरतात, टायरगाडीत ऊस भरतात आणि कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रात्र काढतात. उसाचे वाढे हाच बैलांचा हंगामभराचा चारा. कोयता धरणारे नवरा-बायको आणि ती जोडी यांचा मिळून एक संसार असतो, आणि उचलीचा बोजा त्या सगळ्यांवर मिळून असतो.

दुसरीकडे शर्यत आहे. पुण्याकडचा बैलगाडा, विदर्भाचा शंकरपट. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीमुळे खिल्लार जातीच्या बैलाची किंमत वाढली आणि तरुण पोरे पुन्हा गोठ्यात दिसू लागली, हे खरेच आहे. मात्र पैदाशीची निवड आता काही सेकंदांच्या वेगावर होते आहे. नांगराच्या बैलाला लागायचा तो भरदार खांदा, शांत स्वभाव आणि दिवसभर टिकणारी चाल. या गुणांना शर्यतीच्या घाटात बक्षीस नाही. अशीच निवड चालू राहिली तर नाव खिल्लारचेच राहील, पण अंगाने आणि स्वभावाने जनावर वेगळे होईल.

म्हणून जातींची मोजदाद पुरेशी नाही. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात भातखाचरात उभी राहणारी डांगी, लातूरची देवणी, कंधारची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, माणदेशाची खिल्लार, यांतल्या प्रत्येकीची कामाची नोंद व्हायला हवी. कोणत्या जमिनीत किती वेळ, किती ओझे, कोणत्या औताला, कितव्या दातावर खोंड जुंपला आणि तो कसा शिकवला. ज्यांनी स्वतः मोट हाकली आणि इर्जिकीत औत धरले ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. कृषी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना वही आणि कॅमेरा देऊन त्यांच्याकडे पाठवावे, आणि हे काम येत्या चार-पाच वर्षांत संपवावे.