लिफीचे दोन तीर

लिफी नदी डब्लिन शहराचे दोन भाग करून समुद्रास मिळते. तिच्या उत्तर तीरावर, जुन्या जकातघराच्या धक्क्यावर, काशाचे कांहीं कृश पुतळे उभे आहेत. अंगावर लक्तरें, छातीशीं गांठोडीं, एकाच्या खांद्यावर निपचित पडलेलें मूल, मागें एक हाडकुळें कुत्रें. सारे बंदराकडे चाललेले. १८४५ सालीं बटाट्याचें पीक कुजून जो दुष्काळ पडला, त्याचें हें १९९७ सालचें स्मारक. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. तेथें बोलावेंसें वाटेना.

पूल ओलांडून दक्षिण तीरास यावें तों कांचेचीं उंच कार्यालयें लागतात. त्यांतच व्हिटेकर चौकांत येथील आर्थिक व सामाजिक संशोधन संस्था आहे. हे व्हिटेकर अर्थखात्याचे सचिव. १९५० नंतरच्या दहा वर्षांत आयर्लंडमधून सुमारें चार लक्ष माणसें बाहेर गेलीं. १९६१ सालीं लोकसंख्या अवघी २८ लक्ष उरली. तेव्हां १९५८ सालीं या गृहस्थांनीं निबंध लिहून सांगितलें कीं, दारें लावून बसण्यांत अर्थ नाहीं. निर्यात वाढवा, परक्या भांडवलास येऊं द्या. दोन वर्षांनीं ही संस्था निघाली. अमेरिकेंतील फोर्ड प्रतिष्ठानानें द्रव्य दिलें व रॉय गिअरी हे संख्याशास्त्रज्ञ पहिले संचालक झाले.

आमचे नैयायिक प्रमाणाचा विचार आधीं करतात, मग प्रमेयाचा. तें किती रास्त आहे, हें या देशांत कळतें. २०१५ सालीं येथील देशांतर्गत उत्पादन एका वर्षांत २६ टक्के वाढल्याचें जाहीर झालें! कारखाने वाढले नव्हते, शेतें पिकलीं नव्हतीं. कांहीं परदेशी कंपन्यांनीं आपले बौद्धिक हक्क कागदोपत्रीं येथें आणून ठेवले होते, आणि भाड्यानें देण्याचीं विमानेंहि येथल्याच वह्यांत मांडलीं होतीं. शेवटीं २०१७ सालीं हें सारें वगळून दुसरें माप काढावें लागलें. खोटी मोजणी कोणी केली नव्हती. नियमांप्रमाणेंच केली होती, हेंच यांतील नवल.

मला मात्र संस्थेचें दुसरें काम अधिक आवडलें. ट्रिनिटी कॉलेजच्या सहकार्यानें तिनें नऊ वर्षांच्या सुमारें ८,५०० मुलांची पाहणी आरंभिली व तींच मुलें मोठीं होतांना पुनःपुन्हां पाहिलीं. घर, शाळा, प्रकृति, सारें. चाळीस वर्षें वर्गांत काढलेल्या माणसास याचें मोल सांगावयास नको.

ज्या देशांतून माणसें जात, तेथें आतां माणसें येतात. मालवण तालुक्यांतील वराडच्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ सालीं येथील पंतप्रधान झाले, हें वाचकांस स्मरत असेलच. पण आलेल्यांनीं राहावें कोठें? दरसाल सुमारें ४४,००० घरें लागतील, असा संस्थेचा २०२४ चा अंदाज आहे, आणि तितकीं बांधलीं जात नाहींत. माझा भाचा अशाच एका परदेशी कंपनींत आहे. तो म्हणाला, “मामा, त्या २६ टक्क्यांतली एक खोली तरी मला मिळवून द्या.”

सायंकाळीं आम्ही एक जागा पाहण्यास गेलों. जिन्यावर आमच्या आधीं अकरा जण उभे होते.