कंडेन्सर गेला

२०१५ चा जुलै, शनिवारची दुपार. घरात गार हवा यायची थांबली. नॉर्थ कॅरोलायनातला जुलै म्हणजे माणदेशातलं ऊन आणि कोकणातला घाम एकाच ताटात. रॅलीजवळच्या कॅरी गावात घर घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. थर्मोस्टॅटवर ८४ फॅरनहाइट, म्हणजे २९ सेल्सिअस, आणि आकडा चढताच. शनिवारी यायला तयार असलेला मेकॅनिक संध्याकाळी सहाला उगवला. घराबाहेरच्या युनिटपाशी जेमतेम पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "मॅम, कंडेन्सर गेलाय. नऊ वर्षांचं मशिन आहे, आता बदलूनच टाका." सात हजार डॉलरांच्या आसपासचा आकडा त्यानं कागदावर लिहून दिला आणि तपासणीचे ८९ घेऊन गेला.

माहेरी, आटपाडीत, तेव्हा पहाट होत होती. आप्पा उठलेले असतात, म्हणून फोन लावला. रडवेल्या आवाजात सांगितलं, कंडेन्सर गेलाय, सात हजार डॉलर म्हणतात. पलीकडे थोडा वेळ काही आवाजच नाही. मग आप्पा म्हणाले, "कंडेन्सरला? आगं, दीड-दोनशे रुपयाची वस्तू ती. आपल्या मोटारीचा मीच बदलतो की."

एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, हे कळायला आम्हा दोघांनाही थोडा वेळ लागला. इथं कंडेन्सर म्हणजे बाहेरचं अख्खं धूड. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा, छताच्या पंख्याचा जो कपॅसिटर, त्याला सगळा गाव कंडेन्सर म्हणतो. मी समजावून सांगितलं. आप्पांना ते फारसं पटलं नाही. "पंखा फिरतोय का? नुसता हूं-हूं करतोय का? बारकी काठी जाळीतनं घालून पातं ढकलून बघ."

कुंडीतली बांबूची काडी काढली. बाहेर अंधारून आलं होतं. पातं ढकललं तसा पंखा दोन गिरक्या घेऊन आपला आपण फिरू लागला.

सोमवारी वीस-बावीस डॉलरांना कपॅसिटर आणला: ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड, एका डब्यात दोन. मोठा कॉम्प्रेसरचा, धाकटा पंख्याचा. जुन्याचं डोकं उकडलेल्या करंजीसारखं फुगलं होतं. बाहेरच्या भिंतीवरचा खटका ओढून वीज तोडली, तरी कपॅसिटरच्या पोटात करंट साठून राहतो, म्हणून आप्पांनी व्हिडिओ कॉलवर बजावून बजावून लाकडी मुठीच्या पेचकसानं तो आधी उतरवायला लावला. नवरा मोबाइल धरून उभा, मी रबरी चपला घालून खाली बसलेली, आणि साडेतेरा हजार किलोमीटरांवरून आप्पा ओरडतायत, "वायरीचा फोटो काढलास का आधी?" काढला होता. वीस मिनिटांत घर गार व्हायला लागलं.

त्या मेकॅनिकनं खोटं सांगितलं की त्याला खरंच कळलं नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. पण मशिनशी माझी ओळख झाली ती तेव्हापासून. तोवर मी त्याला एसीच समजत होते, थंडीत गरम हवाही देणारा. खरं तर तो हीट पंप, आणि हिवाळ्यातलंच त्याचं काम बघण्यासारखं आहे.

आप्पांना मी ते असं सांगितलं: बाहेर पाच अंश थंडी असली तरी त्या हवेत ऊब असतेच, आपल्याला जाणवत नाही एवढंच. नळीतला गॅस उणे चाळीस अंशांच्याही खाली उकळणारा. पाच अंशांची हवा त्याला चुलीसारखी वाटते. ती ऊब पिऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर तिला दाबून कढत करतो, आणि घरातल्या कॉइलमध्ये ती पुन्हा पातळ होताना ऊब सोडून देते. उन्हाळ्यात हाच फेरा उलटा. आप्पांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात उरकलं, "म्हणजे गारठ्यातली ऊब उपसायची. पंपच की."

उपसायची. हा शब्द मला सुचला नव्हता, आणि तो सापडल्यावर बाकीचं सगळं आपोआप उलगडलं. विहिरीचं पाणी जितकं खाली जाईल तितकी मोटार जास्त कण्हते. बाहेर आठ अंश असताना आमचा पंप एक युनिट विजेत तीन युनिटांची ऊब घरात आणायचा, उणे आठला कशीबशी दोनाची. त्याहून थंडी वाढली की विहीर पुरत नाही. मग घरातल्या यंत्रातल्या तारांच्या पट्ट्या तापतात, गीझरसारख्या. त्या एक युनिट विजेत एकच युनिट ऊब देतात. आमच्या भाषेत तो टँकर. आटपाडी तालुक्यात वाढलेल्या माणसाला टँकरचं पाणी काय भावानं पडतं हे सांगावं लागत नाही.

पण हे माहीत असूनही मी टँकरची चूक केलीच. २०१८ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कडाक्याची थंडी पडली. घर १८ अंशांच्या वर जाईना. मी थर्मोस्टॅटवर बटणं दाबत सुटले आणि 'ईएम हीट' असं लिहिलेलं एक सापडलं. इमर्जन्सीची ऊब. इमर्जन्सी तर होतीच! दाबलं, घर छान ऊबदार झालं, आणि मी ते बटण विसरून गेले. त्या बटणाचा अर्थ असा की विहिरीवरची मोटार बंद, आता सगळं टँकरवर. बाहेरचा पंप बिघडला तरच वापरायची ती सोय. थंडी ओसरली तरी आमचा टँकर तीन आठवडे चालू. एरवी १९० डॉलरांच्या घरात येणारं बिल ४१० आलं.

बिलाचं आप्पांना सांगितलं नाही.

पहिल्या हिवाळ्यातली फजिती तर त्याआधीची. रात्री अकराला खिडकीतून पाहिलं तर बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट उठत होते, पंखा बंद, आणि आत सुस्कारा टाकल्यासारखा मोठा आवाज. मी मुलीला उचलून दारापर्यंत पोचले होते. नवऱ्यानं हात लोटांत घातला: वाफ. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं, ते झाडायला मशिन काही मिनिटं उलटं फिरतं आणि घरातलीच ऊब बाहेर नेऊन कॉइल धुऊन काढतं. तेवढ्यापुरता घरात टँकर येतो, म्हणून आतून हवा कोमटच राहते. आता रस्त्यापलीकडच्या घरातून असे लोट दिसले की मला बरं वाटतं, त्यांचंही मशिन ठीक चाललंय म्हणून.

देखभाल म्हणाल तर तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. फिल्टर बदला, बाहेरच्या युनिटभोवती दोन फूट मोकळं ठेवा, पाल्यापाचोळ्याला आत जाऊ देऊ नका. मात्र फिल्टरच्या बाबतीत शहाणपणा नडतो. इथं मार्चअखेर पाइनच्या झाडांचे पिवळे पराग उडतात. गाड्या, पायऱ्या, कुत्री, सगळं हळद लागल्यासारखं. मुलीला शिंका, म्हणून मी दुकानातला सगळ्यांत दाट फिल्टर आणून बसवला, एक इंच जाडीचा, मर्व १३ दर्जाचा. पराग अडले, हवाही अडली. कॉइलवरून हवाच वाहीना तेव्हा कॉइल गोठली, आणि एप्रिलच्या एका गरम दुपारी पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या नळीवर मनगटाएवढा बर्फ. मशिन बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा आणि वाट बघायची, इतकाच उपाय. चार तास लागले.

तोपर्यंत मला एक म्हातारा मेकॅनिक सापडला होता. एकटाच काम करायचा, गाडीवर नाव नाही. मशिन उघडण्याआधी तो दोन मिनिटं नुसता ऐकत उभा राहायचा. २०२० पासून आमचा गॅस कमी पडायला लागला. आधीच्या कंपनीची माणसं दरवर्षी येऊन दोन पाउंड भरून जात. आपल्याकडेही "गॅस संपला, भरून घ्या" असंच म्हणतात, जणू तो सिलिंडरचा गॅस आहे. हा गॅस बंद नळीत फिरत राहतो, तो संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. पंक्चर न काढता दर महिन्याला चाकात हवा भरत बसायचा तो प्रकार. त्यात आमचं मशिन २००६ चं, आर-२२ गॅसवरचं. ओझोनच्या थराला घातक म्हणून १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात बंद झाली. राहिला तो आधीचा साठा आणि जुन्या मशिनांतून काढून शुद्ध केलेला. आम्ही आधी पाउंडाला ९० डॉलर दिले, मग १४०.

म्हाताऱ्यानं साबणाच्या पाण्याचा फेस पोटमाळ्यावरच्या कॉइलला लावला आणि मला टॉर्च धरायला सांगितली. एका वळणावर मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. "इथं झाळून देईन," तो म्हणाला, "पण पुढच्या वर्षी याच्या शेजारचं फुटेल. सतरा वर्षं झाली मॅम, याला आता जाऊ द्या." २०१५ सालीही मला हेच सांगितलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. या वेळी मी बुडबुडे स्वतः पाहिले होते.

नवीन मशिनसाठी तीन जणांकडून किंमत मागवली. एक जण टॅब्लेट घेऊन सोफ्यावर बसला, घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि चार टनांचं सांगून मोकळा. दुसऱ्यानं जुन्याची पाटी वाचून साडेतीन. (हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जी उष्णता लागते तिचा वेग, तासाला १२,००० बीटीयू. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातलं हे माप अजून चालतं.) म्हाताऱ्यानं मात्र टेप काढली. कुठली खिडकी कुठल्या दिशेला, काच एकेरी की दुहेरी, पोटमाळ्यावर कापसासारखा थर किती इंच, माणसं किती, हे सगळं लिहून नेलं आणि दोन दिवसांनी हिशेब आणून दिला: अडीच टन. मोठं मशिन घेतलं तर काय बिघडेल, मी विचारलं. ते दहा मिनिटांत घर गार करून बंद पडेल, म्हणाला, आणि हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळणार नाही. गारेगार आणि चिकट. दहा वर्षं आम्ही तसेच राहत होतो आणि मी हवामानाला दोष देत होते.

एप्रिल २०२३ मध्ये मशिन बदललं. ११,४०० डॉलर. आप्पांनी तोंडी रुपये केले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर आला असता." केंद्र सरकारच्या कर-सवलतीतून २,००० परत मिळाले. ठरलेल्या कार्यक्षमतेच्या हीट पंपाला खर्चाच्या ३० टक्के, पण जास्तीत जास्त तेवढेच. ती सवलत २०२५ अखेर बंद झाली.

बसवतानाचा दिवस मी रजा काढून पाहिला. जुना गॅस हवेत सोडायला कायद्यानं मनाई आहे, तो सिलिंडरमध्ये ओढून घेतला. नव्या नळ्या झाळताना त्यांच्यातून नायट्रोजन वाहता ठेवला, म्हणजे तांब्याला आतून काजळी धरत नाही. मग नळ्यांतली सगळी हवा आणि ओल पंपानं उपसायला सुरुवात. मीटरवर ५०० मायक्रॉनच्या खाली आकडा आला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर तो तिथंच टिकला पाहिजे. बाहेरची हवा त्या मापात ७,६०,००० भरते. आकडा हजारावरून हलेना. त्याच्या पोऱ्यानं चुळबुळ सुरू केली, संध्याकाळ होत आली होती. म्हातारा उलट्या बादलीवर बसून सँडविच खात राहिला. पाऊण तासानं ४८०. मग आणखी पंधरा मिनिटं नुसतं बघत बसणं. मला वाटतं, पैसे मी त्या पंधरा मिनिटांचे दिले. नवा गॅस आर-४१०ए, आणि तोही आता मागे पडला. जानेवारी २०२५ पासून घरगुती नवी मशिनं तो घालून बनवत नाहीत.

त्या वर्षीचा जुलै घरात पहिल्यांदा कोरडा गेला. बरणीतलं मीठही सुटं राहिलं.

२०२४ च्या मे महिन्यात आप्पा आले. पहिल्याच दिवशी घराला फेरी मारून नवं मशिन पाहिलं, पंख्यावर हात धरला, "गरम वारं सोडतंय" म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीतून आलेल्या पांढऱ्या नळीवर गेली. पोटमाळ्यावरच्या कॉइलवर हवेतला ओलावा टिपकतो, ते पाणी तिथून बाहेर पडतं. अकरा वर्षं ते मातीत जिरत होतं. "हे असंच सोडताय?" त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्या सुरात ते एरवी कुणी ताटात टाकलेल्या भाताबद्दल बोलतात. गॅरेजमधली वीस लिटरची बादली आणून नळीखाली ठेवली. जूनमध्ये ती रोज भरू लागली. ते पाणी मिरच्यांना, कढीपत्त्याला आणि आप्पांनी हट्टानं लावलेल्या दोन भेंड्यांना. किती भरली ते आप्पा भिंतीवर खडूनं लिहून ठेवत.

ते सप्टेंबरात परत गेले. खडूच्या रेघा आता मी ओढते. मागच्या ऑगस्टमध्ये बाहेर चांगलंच दमट असताना संध्याकाळी बादली अर्धीच भरलेली दिसली. दुसऱ्या दिवशी पाव. घर गार होतं, थर्मोस्टॅटची काही तक्रार नव्हती. तरी शिडी लावून पोटमाळ्यावर गेले. कॉइलखालच्या परातीत दोन बोटं पाणी तुंबलेलं, आणि मशिन बंद पाडणारा तरंगता खटका वर चढत चाललेला. नळीत शेवाळ. बाहेरच्या तोंडाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावला, हिरवा-करडा गोळा फस्सकन निघाला, मग वरून कपभर व्हिनेगर ओतलं.

सकाळी बादली काठोकाठ. आप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "भेंडीला जास्त नको."