तात्यांची जीप आणि आमची काटकसर

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडखाली एक जीप उभी असते. 1967 सालची, उंच बोनेटची, पेट्रोलवर चालणारी. रस्त्याने येणारा-जाणारा एकदा तरी विचारतोच, "अहो, ही अजून भंगारात का दिली नाही?" वाचकहो, त्याचे उत्तर आज सविस्तर देत आहोत. कारण या जीपच्या इंजिनाने मागच्या पावसाळ्यात आम्हाला एक धडा शिकवला आणि त्यातली चूक सर्वस्वी आमची होती.

जीप आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ते फिटर होते. (तो कारखाना 1 ऑक्टोबर 2021 पासून यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.) नोकरीत असतानाच त्यांनी दोन मित्रांबरोबर पैसे काढून सरकारी लिलावातून ही गाडी घेतली. तेव्हा ती चालत नव्हती. रविवारी रविवारी काम करून तात्यांनी तिचे इंजिन बांधले. लागणारे सामान उल्हासनगरच्या कॅम्पातून येई. उल्हासनगरला अजूनही लोक 'कॅम्प' म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि 1949 साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथल्या दुकानांतून जुन्या गाडीचा पार्ट मिळाला नाही, तर तो बनवून देणारा माणूस तरी मिळतोच.

या गाडीने काय केले ते 26 जुलै 2005 च्या पुरात आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदीने बदलापूर, कल्याणचे काठ सोडले. आम्ही तेव्हा विशी-पंचविशीत होतो. दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागल्यावर वस्तीत भात शिजवला, डबे जीपमध्ये भरले आणि तात्यांबरोबर बदलापूरकडे निघालो. वाटेत रस्त्यावर गुडघाभर पाणी. तात्यांनी गाडी थांबवली, बोनेट उघडले आणि फॅन बेल्ट काढून ठेवला. डिस्ट्रिब्युटरवर ट्यूबचा तुकडा बांधला. आम्ही विचारले, "तात्या, हे काय?" ते म्हणाले, "पंखा फिरला की पाणी उडवून डिस्ट्रिब्युटरवर मारतो. करंट गेला की गाडी पाण्यातच बसली." पाण्यातून बाहेर येताच त्यांनी बेल्ट परत चढवला, कारण त्याच बेल्टवर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालतो. जाताना डबे आणि येताना बायका-मुले, अशा त्या दिवशी कितीतरी फेऱ्या झाल्या. नव्या-नव्या मोटारी चिखलात बंद पडल्या होत्या.

या इंजिनाची थोडी ओळख करून देतो. मूळ विलीज जीप अमेरिकेने महायुद्धासाठी केली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. आमच्या गाडीत 2199 सीसीचे चार सिलिंडरचे 'हरिकेन' इंजिन आहे. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते मावावे म्हणून बोनेट उंच करावे लागले. सिलिंडरचा व्यास 3 इंचांच्या थोडा वर, पण पिस्टनची चाल 4 इंचांहून जास्त. अशी लांब चाल असली की इंजिन वेगात पळत नाही, पण कमी फेऱ्यांवर जोर लावते. चिखलात आणि चढावर हाच जोर कामाला येतो.

करोनाच्या काळात जीप उभी राहिली. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. गाडी पुन्हा चालू करण्याचे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. आम्ही बी.कॉम., कचेरीत कारकून. हिशेब हा आमचा प्रांत. जीप लिटरला किती पेट्रोल खाते ते पाहून आमचा जीव खालीवर झाला. उल्हासनगरच्या एका मिस्त्रींकडे गेलो आणि सांगितले, "कार्बोरेटरचा जेट एक नंबर लहान टाका, आवरेज वाढले पाहिजे." ते म्हणाले, "साहेब, इंजिन तापेल." आम्ही ऐकले नाही. त्यांनी आमच्या हट्टाने जेट बदलून दिला. पंधरा दिवस आम्ही वहीत आकडे लिहीत होतो आणि दोन-चार लिटर वाचले म्हणून खूश होतो.

जुलैच्या सुरुवातीला सासूबाईंना ताप भरला आणि धाप लागू लागली. त्या बारवी धरणापलीकडच्या एका वाडीत राहतात. शेवटचा तुकडा चिखलाचा, रिक्षा आत येत नाही. आम्ही जीप काढली. जाताना ठीक गेलो. येताना सासूबाई, आमच्या सौ., मेहुणा आणि सामान असे वजन भरून धरणाच्या रस्त्याच्या चढाला लागलो. अर्ध्या चढावर इंजिन खडखडू लागले, काटा लाल पट्ट्यात गेला आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. गाडी बंद. भर पावसात, जंगलाच्या रस्त्यावर, आजारी माणसाला ताडपत्रीखाली घेऊन आम्ही तासभर उभे होतो. शेवटी मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने सासूबाईंना पुढे बसवून रुग्णालयापर्यंत आणले. आठ दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्या रात्री सौ. जे बोलल्या ते अजून कानात आहे. "तुमच्या चार लिटर पेट्रोलपायी माझी आई गेली असती."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

जीप ओढून घरी आणली. मग घरात बैठक बसली. तात्यांचा मुलगा म्हणाला, विकून टाका. आम्ही म्हणालो, डिझेल इंजिन बसवू. कल्पना काही नवी नव्हती. 1973 नंतर पेट्रोल महागले तेव्हा जीपांत डिझेल इंजिने बसवण्याची लाटच आली आणि पुढे महिंद्रांनीही डिझेल जीपा काढल्या. पण कागद पाहणे हेच आमचे काम, म्हणून आधी कायदा पाहिला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणी पुस्तकात कारखान्याने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे पाळण्यास सांगितले आहे. बिनमंजुरीचे इंजिन घालून उद्या अपघात झाला, तर विम्याचा वाद आपल्याच गळ्यात.

कोणी म्हणाले, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. त्याचे नियम 2021 साली आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली खाजगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. सासूबाईंना आणायला जी गाडी काढता येणार नाही, ती सजवून ठेवून आम्ही काय करणार? तेव्हा साध्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि मूळ इंजिनच दुरुस्त करायचे असे ठरले.

तात्या इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "इंजिनाला काय झालंय ते कोणी मोजलं का? न मोजताच निकाल देताय सगळे."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. तात्यांची नात आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला आहे. हात तिचे, डोळे तिचे, सांगणे तात्यांचे. आमच्याकडे वही.

आधी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. एक आणि चार नंबर ठीक, दोन आणि तीन एकदम खाली. तात्या खुर्चीतूनच म्हणाले, "शेजारचे दोन एकदम पडले ना? मग दोघांच्या मधलं गॅस्केट जळालंय." हेड उतरवले, तर अगदी तेच. नंतर प्लगची टोके पाहिली. ती पांढरीफटक होती. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर पेट्रोल कमी, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. आमच्या काटकसरीचा पुरावा असा चार प्लगांवर लिहिलेला होता.

आणखी एक गोष्ट नातीने समजावली. "काका, आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे." 2025 साली देशाने हे प्रमाण गाठले. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे जुन्या कार्बोरेटरमधून पूर्वीइतकेच इंधन आले तरी आता ते हवेच्या मानाने कमी पडते. त्यात आम्ही जेट लहान केला! इंधन कमी पडले की इंजिनाची उष्णता वाढते आणि चढावर, वजन असताना, तीच गॅस्केटला खाते. शिवाय इथेनॉल जुने रबर खराब करते आणि हवेतले पाणी ओढते. म्हणून पेट्रोलचा रबरी पाइप आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारचा घातला, टाकी पूर्ण रिकामी करून धुतली आणि मूळ जेटपेक्षा एक नंबर मोठा जेट बसवला. रेडिएटर उलटे पाणी मारून साफ केला, तर त्यातून मूठभर गंज निघाला.

हेड सपाट आहे की नाही ते पट्टी ठेवून फीलर गेजने पाहिले. किंचित वाकले होते, ते कॅम्पात नेऊन लागेल तेवढेच घासून आणले. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, 60 ते 70 फूट-पौंडांपर्यंत आवळले. टॅपेट थंड इंजिनावर लावले. इनलेटला 18 थाऊ, एक्झॉस्टला 16 थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. येथे तात्या खुर्चीतून उठले. नातीच्या हातात गेज होता. तिच्या बोटांवर बोटे ठेवून त्यांनी गेज पुढे-मागे ओढला. "लोण्यातून सुरी ओढल्यासारखा सरकायला पाहिजे. सैल नको, अडायला नको. कळलं?" ती म्हणाली, "कळलं, आजोबा." त्यांचा हात कापत होता, पण गेज तिच्या हातात स्थिर होता. आम्ही आकडा वहीत लिहिला. ते 'लोण्यातून सुरी' कसे लिहायचे हे मात्र कळेना. शेवटी तसेच लिहिले.

पॉइंटची फट 20 थाऊ, प्लगची 30. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. टायमिंग 5 अंश आधी. मग नातीने सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी इंजिन बोलले. तात्यांनी लांब पेचकसाचे एक टोक ब्लॉकला आणि दुसरे कानाला लावले. बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "मिक्सचरचा स्क्रू पाव फेरा बाहेर घे." तिने घेतला. इंजिनाचा थरकाप थांबला आणि एकसारखा आवाज येऊ लागला. इंजिन गरम होऊन गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले. हे विसरायचे नाही, असे तात्यांनी आम्हाला बजावून वहीत दोनदा लिहायला लावले.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर डिझेल इंजिनासाठी आम्हाला जो अंदाज मिळाला होता त्याच्या चौथ्या हिश्श्यात सगळे झाले. जीप आता आमच्या 'काटकसरी'च्या दिवसांपेक्षा जास्त पेट्रोल पिते. पिऊ दे.

पाऊस संपल्यावर सासूबाईंनाच पुढच्या सीटवर बसवून त्याच धरणाच्या रस्त्याने नेले. गाडी नात चालवत होती. ज्या चढावर बंद पडलो होतो तेथे आम्ही काट्याकडेच पाहत होतो. तो मधल्या खुणेवरून हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज ताडपत्री आणली नाही का?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण थोडेसेच.

वाचकहो, आपल्या वस्त्यांतून फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर अशी कामे केलेली माणसे घरोघर आहेत. त्यांना कोणी कधी पुस्तक लिहायला सांगितले नाही. त्यांचे शिक्षण हातात आणि कानात आहे, आणि हात कापू लागले, डोळे अंधुक झाले की ते त्यांच्याबरोबर जाणार. आपल्याकडे शिकलेली मुले आहेत, वह्या आहेत. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. काय मोजायचे, कसे मोजायचे ते विचारा आणि लिहून घ्या. मुलगी शिकायला तयार असेल तर तिच्या हातात पाना द्या.

आमची वही 40 पानांची झाली आहे. पहिल्या पानावर, तात्यांनी सांगितले म्हणून, आमची चूक लिहिली आहे.