क्रमशः

दूरचित्रवाणीवरील लांबलचक मालिका नियमानें पाहणाऱ्या माणसाला सुशिक्षितांच्या बैठकींत फारशी प्रतिष्ठा नसते. ग्रंथांचा किंवा गाण्याचा नाद सांगावा, तर लोक मान डोलवितात. पण 'आमची मालिका लागायची वेळ झाली' असें म्हणून कोणी उठूं लागला, कीं सर्वांच्या चेहऱ्यांवर हंसूं उमटतें. मला त्या हंसण्याचा राग येत नाहीं. हंसणाऱ्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः बाहेर पडत होती, तेव्हां यमूचें पुढें काय होणार म्हणून पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक आणि मी, यांच्यांत अंतर तें किती?

हरिभाऊंची सर मालिकांना नाहीं, हें मला मान्य आहे. मालिकेंत कांहीं घडत नाहीं, आणि घडतें तें अशक्य असतें, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. स्वयंपाकघरांत एक ताट पडावें, आणि त्याचा धक्का घरांतील दहा मुद्रांवर एकामागून एक दाखवितां दाखवितां अर्धा भाग सरावा! 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेंतला मिहीर तर मरण पावून पुन्हां जिवंत परतला. याचें कारणहि उघड आहे. प्रेक्षकांच्या संख्येवर जाहिराती, आणि जाहिरातींवर मालिकेचें आयुष्य. तेव्हां चालेल ती ताणावयाची आणि न चालेल ती मध्येंच तोडावयाची, हा धंद्याचा नियम होऊन बसला आहे.

तरीहि आम्ही पाहतों. आणि तें गोष्टीसाठीं नव्हे, सोबतीसाठीं. कादंबरींतलीं माणसें आपणांस भेटून जातात. मालिकेंतलीं शेजारीं राहतात. इंग्लंडांत १९६० च्या डिसेंबरांत 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली, तेव्हां विल्यम रोश हा नट पहिल्याच भागांत तरुण विद्यार्थी म्हणून आला. तीच भूमिका करतां करतां त्यानें नव्वदी ओलांडली. नाटकांत म्हातारपण रंगपेटींतून निघतें. येथें तें काळानें आणलें, आणि त्याच बेतानें तें पाहणाऱ्यांनाहि आलें.

आमच्या घरीं 'चार दिवस सासूचे' अशीच राहिली. २००१ सालीं सुरू झालेली ही मालिका २०१३ च्या जानेवारींत संपली. तिचे भाग तीन हजारांहून अधिक झाले. त्या काळांत माझी विधवा आत्या आमच्याकडे असे. तिच्यांत आणि आईंत कोणत्याशा लग्नांतील मानपानावरून जुनी अढी होती. भांडण नव्हतें, पण कामापुरतें बोलणें, आणि तेंहि बहुधा माझ्या मार्फत. मालिका लागली, कीं मात्र दोघी एका सतरंजीवर बसत. ''सुनेनें तरी किती सोसावें?'' आई म्हणे. ''सासूलाहि तिची बाजू असतेच कीं, वहिनी,'' आत्या उत्तर देई. एकमेकींना जें सांगतां येत नव्हतें, तें त्या रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या तोंडाकडे पाहून सांगत.

२०११ च्या पावसाळ्यांत आत्या रुग्णालयांत होती. आई रोज सकाळीं तिच्या उशाशीं बसून आदल्या दिवशींचा भाग सांगे. कोण काय बोललें, कोणी कोणती साडी नेसली होती, कोणाचें कपट उघडकीस आलें, सारें सांगे. शेवटीं शेवटीं आत्याला बोलवत नसे. तरी आईचें सांगणें थांबलें नाहीं. त्या मानपानाचा विषय दोघींत पुढें कधीं निघाला कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पुढें मालिका संपली, त्या दिवशीं आई एवढेंच म्हणाली, ''वन्सं असत्या तर शेवट त्यांना पटला नसता.''

'हम लोग' ही मालिका १९८४ सालीं दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार प्रेक्षकांशीं दोन शब्द बोलत. पडदा थांबला, आतां तुम्ही बोला, असेंच जणु ते सुचवीत. आज मालिका पूर्वीपेक्षां कितीतरी सफाईदार झाल्या आहेत. हातांतल्या फोनवर सबंध मालिका एका रात्रींत पाहतां येते, आणि माझा मुलगा ती तशी पाहतो. मीहि पाहिल्या आहेत. त्या सरस आहेत, हें मी नाकारीत नाहीं. पण त्यांत उद्यांपर्यंत थांबावें लागत नाहीं, आणि थांबावें लागत नाहीं म्हणून मधल्या वेळांत कोणाशीं बोलावेंहि लागत नाहीं. तो आपल्या खोलींत पाहतो, मी माझ्या. परवां मीं त्याला म्हटलें, ''रोज एकच भाग, पण दोघांनीं मिळून पाहूं या.'' तो हंसला. अजून होकार आलेला नाहीं. पण नकारहि नाहीं.