डावा पदर

जपानला निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची उणीव कधींच भासत नाहीं. मीं क्योटोला जावयाचें ठरवितांच माझ्या मित्रमंडळींनीं मला नियमांची एक लांबलचक यादी करून दिली. आणि त्यांतील बहुतेकांनीं तो देश पाहिलेलाही नव्हता! हॉटेलांत बक्षिसी देऊं नका. आगगाडींत मोठ्यानें बोलूं नका. सरकत्या जिन्यावर टोकियोंत डावीकडे उभे राहा, ओसाकांत उजवीकडे. पैसे दुकानदाराच्या हातांत न देतां समोरच्या तबकांत ठेवा. केरासाठीं एक पिशवी जवळ बाळगा, कारण १९९५ सालीं टोकियोच्या भुयारी रेल्वेंत विषारी वायूचा हल्ला झाल्यापासून रस्त्यावरच्या कचरापेट्या फार विरळ झाल्या आहेत. सारा जन्म विद्यार्थ्यांना सूचना देण्यांत गेलेल्या मला सूचना घेण्याचा हा प्रसंग मोठा मौजेचा वाटला.

नियम पाळणें मला जडही गेलें नाहीं. उंबऱ्याशीं जोडे काढावयास आपल्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या बैठकीवर, सपाताही चालत नाहींत. शौचकूपासाठीं निराळ्या सपाता असतात. सामायिक स्नानकुंडांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुवून घ्यावें लागतें. हें सारें पाहून कोंकणांतल्या आमच्या सोंवळ्याओंवळ्याच्या जुन्या घरांत आल्यासारखें वाटलें.

चुकलों तें अगदीं शेवटीं. क्योटोंतील एका जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहांत घालावयास सुती युकाता दिला होता. स्नानानंतर मीं तो अंगावर चढविला, कमरपट्टा बांधला आणि मोठ्या ऐटींत जेवणाच्या दालनाकडे निघालों. वाटेंत तेथील वृद्ध सेविकेनें मला थांबविलें. तिला इंग्रजी येत नव्हतें, मला जपानी. तिनें दोनदां वाकून जणूं क्षमा मागितली, माझा पट्टा सैल केला, वर आलेला उजवा पदर आंत सारला, डावा त्याच्यावर आणला आणि पट्टा पुन्हां बांधून दिला.

इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठीं पंचावन्न वर्षांच्या प्राध्यापकाला भर वाटेंत अडवावें, याचा मला किंचित् रागच आला. दुसऱ्या दिवशीं तेथल्या एका परिचित अध्यापकाला तो प्रकार मीं हंसत हंसत सांगितला. तो मात्र हंसला नाहीं. “जिवंत माणसाचा डावा पदर वर असतो,” तो म्हणाला. “उजवा वर घेतात तो प्रेताला नेसवितांना.” मग त्यानें आणखीही सांगितलें. जेवणाच्या काड्या भातांत उभ्या खोंवावयाच्या नाहींत, कारण मृतापुढें ठेवलेल्या भातांत त्या तशा खोंवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घांस द्यावयाचा नाहीं, कारण दहनानंतर अस्थि तशा देतात. हे दोन्ही नियम माझ्या यादींत होते. कारणें तेवढीं नव्हतीं.

मी गप्प झालों. गेल्याच वर्षीं मीं आईचें वर्षश्राद्ध केलें होतें. गुरुजींनीं ‘अपसव्य’ म्हटलें, आणि डाव्या खांद्यावरचें जानवें मीं मुकाट्यानें उजव्या खांद्यावर घेतलें. जिवंताची बाजू एक आणि मृताची दुसरी, हें आपल्यालाही ठाऊक आहे. आई हयात असतांना मी दक्षिणेकडे पाय करून निजलों, कीं ती न बोलतां येऊन माझी उशी फिरवी. इंग्रजी शिकलेला मी तिच्याशीं वाद घालीत असें. ‘कारण सांग’ म्हणून हट्ट धरीत असें. तिनें तें कधींच सांगितलें नाहीं, आणि तिला तें ठाऊकच नाहीं असा माझा समज. आपल्या मुलाच्या अंथरुणाशेजारीं तिला मरणाचें नांव घ्यावयाचें नव्हतें, एवढेंच. हें कळावयास मला क्योटोपर्यंत जावें लागलें.

जपानला जाणाऱ्या वाचकाचा बक्षिसीचा किंवा जिन्याचा नियम चुकला, तरी फारसें बिघडणार नाहीं. परक्याला तेथें सहज क्षमा मिळते. डावा पदर मात्र आठवणीनें वर घ्यावा. आणि एखाद्या म्हातारीनें वाटेंत थांबवून तो नीट केलाच, तर कारण विचारीत बसूं नये. स्वस्थ उभें राहावें, आणि तिला करूं द्यावें.